नाताळला बालगृहातील मूल घरी आणावे का? एका जुन्या कार्यकर्तीचे उत्तर

जालन्याकडील एका बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते शिक्षक आहेत, पत्नी परिचारिका आहेत, घरी नऊ वर्षांची मुलगी आणि वृद्ध आई आहे. ऑक्टोबरमध्ये मुलीचा वाढदिवस त्यांनी जवळच्या बालगृहात केक कापून साजरा केला. परतताना रिक्षात मुलीने विचारले, "पप्पा, ही मुलं नाताळला कुठे जातात?" त्या दिवसापासून त्यांना चैन नाही. नाताळच्या आठवड्यात दोन मुलांना घरी आणावे आणि पुढे जमल्यास एक मूल दत्तक घ्यावे, असे पती-पत्नींच्या मनात आहे. आजींचे म्हणणे असे की मूल ख्रिस्तीच असावे, नसेल तर आधी बाप्तिस्मा द्यावा. मंडळीतील काही वडीलधारे म्हणतात की कायद्याच्या भानगडीत पडू नका, एकरकमी देणगी द्या आणि मोकळे व्हा. शेवटी त्यांनी लिहिले आहे, "याकोबाच्या पत्रातले वचन इतके स्पष्ट असताना वाट इतकी अवघड का?"

बंधू, मी २६ वर्षे एका ख्रिस्ती विश्वस्त संस्थेच्या बालगृहात आधी समाजसेविका आणि नंतर अधीक्षक म्हणून काम केले, आणि निवृत्तीनंतर तीन वर्षे बाल कल्याण समितीची सदस्य होते. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपण तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत, म्हणजे सुट्टीतला पाहुणचार, दत्तक आणि धर्म. मला मात्र त्यांच्या खाली एकच प्रश्न दिसतो: मनात दाटून आलेली करुणा एका चारचौघांसारख्या, नोकरी आणि कर्जाचे हप्ते असलेल्या कुटुंबात कशी बसवावी, म्हणजे ती डिसेंबरनंतरही टिकेल? मूल कोणत्या धर्माचे आणि कोणत्या कागदावर, हे त्यानंतर येते.

आपण ज्या वचनाचा उल्लेख केलात त्यातला एक शब्द मला नेहमी अडवतो. मराठी पवित्र शास्त्रात अनाथ आणि विधवा यांचा त्यांच्या संकटात "समाचार घेणे" असे म्हटले आहे. आज आपण एखाद्याचा समाचार घेतला म्हणजे त्याला फैलावर घेतले, असा अर्थ झाला आहे, आणि आमच्या बालगृहातली मोठी मुले या वचनावर हळूच हसत असत. जुना अर्थ साधा आहे: जाऊन विचारपूस करणे. मूळ ग्रीकमध्येही इथे जे क्रियापद आहे तेच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आजारी माणसाला भेटायला जाण्यासाठी आले आहे. आजाऱ्याला आपण एकदाच भेटून येत नाही. ताप उतरला का, जेवतो का, हे पाहायला पुन्हा जातो. माझ्या अनुभवात बालगृहातील मुलाला बाहेरच्या माणसाकडून सर्वांत कमी मिळणारी गोष्ट हीच आहे, पुन्हा येणे.

आता थोडे अप्रिय बोलते. आमच्याकडे डिसेंबर महिन्यात एका वर्षी अकरा केक आले होते. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कोणाच्या वडिलांचे पुण्यस्मरण, तरुण संघाचा कार्यक्रम. मुले प्रत्येक वेळी रांगेत बसत, टाळ्या वाजवत, अनोळखी मुलासाठी वाढदिवसाचे गाणे म्हणत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून होती, कारण खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती आणि शाळेत घालताना वय अंदाजाने लिहावे लागते. एकदा सात वर्षांच्या एका मुलाने केकचा तुकडा खाल्लाच नाही. तो त्याने कागदात गुंडाळून चड्डीच्या खिशात ठेवला आणि रात्री मावशींनी कपडे धुवायला घेतले तेव्हा त्याचा लगदा निघाला. त्याला विचारले तर म्हणाला, "माझा वाढदिवस येईल तेव्हा खाणार होतो." आपल्या मुलीचा वाढदिवस आपण तिथे केलात याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही, हेतू चांगलाच होता. परंतु नऊ वर्षांच्या मुलीने त्या समारंभातून आपल्याहून जास्त पाहिले, असे तिच्या प्रश्नावरून वाटते. तिने केकबद्दल विचारले नाही, जागेबद्दल विचारले.

तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की बरीचशी मुले नाताळला किंवा दिवाळीला आपल्याच घरी जातात. बालगृहातील प्रत्येक मूल आईबाप नसलेले असते, हा फार मोठा गैरसमज आहे. माझ्या काळात आमच्याकडच्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, नाहीतर आजी, मामा, कोणीतरी हयात होते. नवरा गेल्यावर ऊसतोडीला जाणारी आई, दारूत बुडालेला बाप, तुरुंगात असलेले पालक, दुसऱ्या लग्नात पहिल्या मुलाला जागा नसणे, अशी कारणे असत. या मुलांसाठी सर्वांत मोठी करुणा कोणती, तर त्यांना त्यांच्याच घरी राहता यावे म्हणून त्या आईला किंवा आजीला आधार देणे. राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना याच हेतूने आहे आणि तिच्यातून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, तर केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वातून दरमहा ४,००० रुपये. निकष वेगवेगळे आहेत आणि कोणाला काय लागू होते ते जिल्हा बाल संरक्षण कक्ष सांगतो. आपण शिक्षक आहात. आपल्या वर्गात किंवा मंडळीत एकट्या आईची अशी मुले नक्की असतील, आणि त्यांतल्या कित्येकींना अर्ज भरता येत नाही किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये तीन खेपा घालण्याइतकी मजुरी बुडवता येत नाही. अशा एका बाईबरोबर तहसीलमध्ये जाऊन बसणे हे मी कोणत्याही केकच्या वर ठेवीन.

उरतात ती मुले, ज्यांना सुट्टीत न्यायला कोणीच येत नाही. आमच्याकडे साठांपैकी दहा-बारा अशी असत. २३ डिसेंबरच्या दुपारी इतर मुले पिशव्या घेऊन फाटकातून बाहेर पडत आणि ही व्हरांड्यात बसून पाहत. आपल्याला आणायची आहेत ती ही मुले.

त्यांना आठवडाभर घरी आणता येईल का? कायद्याने सरळ सांगायचे तर बालगृहातील मूल हे बाल कल्याण समितीच्या आदेशाने तिथे असते. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिच्या लेखी आदेशाशिवाय अधीक्षक कोणत्याही मुलाला बाहेरच्या कुटुंबात मुक्कामाला पाठवू शकत नाही, मग ते कुटुंब मंडळीत कितीही मानाचे असो. एखादा अधीक्षक ओळखीवर "घेऊन जा, सोमवारी आणून सोडा" म्हणाला, तर त्या संस्थेपासून जरा जपून राहा. समितीकडे अर्ज केलात तर काय होईल हे जिल्ह्यावर, समितीवर आणि मुलाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मी स्वतः समितीवर असताना पहिल्याच भेटीत अनोळखी कुटुंबाला मुक्कामाची परवानगी देण्याच्या विरोधात असे, आणि त्याचे कारण केवळ सुरक्षितता नव्हते.

कारण सांगते. कायद्याची अंमलबजावणी इतकी काटेकोर नव्हती त्या काळात एका कुटुंबाने आमच्याकडच्या आठ वर्षांच्या मुलीला नाताळसाठी घरी नेले. माणसे मनापासून चांगली होती. तिला झालरीचा फ्रॉक घेतला, मध्यरात्रीच्या उपासनेला नेले, अंगणात चांदणीचा आकाशदिवा तिच्या हातून लावून घेतला, निघताना "पुढच्या वर्षी पण यायचं हं" असे म्हटले. आपल्याकडे हे वाक्य आपण पाहुण्याला म्हणतोच, त्यात खोटे काही नसते. पुढच्या वर्षी २३ डिसेंबरला ती सकाळी आठ वाजता आंघोळ करून, तोच आता आखूड झालेला फ्रॉक घालून, पिशवी भरून फाटकाशी उभी राहिली. ते कुटुंब त्या वर्षी गोव्याला गेले होते. आम्ही दुपारी जेवायला बोलावले, संध्याकाळी बोलावले. रात्री मावशींनी तिला उचलून आत आणले. तिने ती पिशवी ६ जानेवारीपर्यंत उघडली नाही. त्या लोकांना हे कधी कळलेही नाही, आणि मीही कळवले नाही, ही माझी चूक. तेव्हापासून माझा नियम असा की आधी बारा महिने भेट, मग मुक्कामाचे बोलणे.

आपल्या घरी आल्यावर त्या मुलांना काय हवे असते, याबद्दल आपण कार्यकर्ते फारच कमी लिहितो. आपल्याला वाटते नवे कपडे, बिर्याणी, भेटवस्तू. संस्थेत मोठ्या झालेल्या मुलाला मात्र घर कसे चालते हेच माहीत नसते. साठ जणांचा स्वयंपाक मोठ्या पातेल्यांत होतो आणि पळीने ताटात पडतो. पंधरा वर्षांच्या एका मुलाला मी बाजारात पाठवले तर टोमॅटो पावकिलो मागायचे की डझनावर, हे त्याला कळेना. ज्या घरांत आमच्या मुली पुढे कायद्याने प्रतिपालकत्वात, म्हणजे समितीने ठरावीक काळासाठी ठेवल्या म्हणून, राहिल्या, त्यांतल्या एका घरी मी नाताळाच्या आधी गृहभेटीला गेले होते. फराळ चालू होता. घरच्या आजी पारी लाटत होत्या, आणि ही अकरा वर्षांची मुलगी कातण हातात घेऊन करंजीची कड कापण्याची वाट पाहत होती. पहिल्या तीन करंज्यांचे सारण तिने बाहेर काढले. आजींनी ओरडून सांगितले की अगं, दूध लाव कडेला, फुटेल तेलात. मुलीचा चेहरा एकदम घाबरा झाला आणि तिने कातण खाली ठेवून दिले. आजींनी ते पुन्हा तिच्या हातात दिले आणि पुढची पारी तिच्यासमोर सरकवली. ओरडा बसला आणि तरी काम काढून घेतले गेले नाही, हे तिने त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा पाहिले असावे. माझ्या अहवालात याला रकाना नव्हता. तरी शेऱ्यात मी तेवढेच लिहिले होते.

म्हणून मी कुटुंबांना सांगत आले आहे की सणाच्या दिवशी बोलावण्याआधी एखाद्या रविवारी चार तास मुलासोबत बालगृहातच घालवा. समितीने आणि अधीक्षकांनी परवानगी दिली तर पुढे कधी दिवसभरासाठी घरी न्या. त्या दिवशी घर आवरू नका, पाहुणे बोलावू नका. गॅस संपला तर संपू द्या.

आता दत्तकाविषयी. इथे आपल्या ख्रिस्ती समाजाचा थोडा इतिहास आहे, आणि आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांची भीती त्या इतिहासातून आली आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे आणि त्यात बौद्ध, जैन, शीख येतात, पण आपण येत नाही. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी कुटुंबांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे, आणि ते मूल सज्ञान झाले की संपत असे. कुटुंबाने जीव लावून वाढवलेल्या मुलाला कायद्याने मुलगा म्हणता येत नसे, आणि आईवडील गेल्यावर चुलत्यांनी त्याला घरातून काढल्याची प्रकरणे आमच्या पिढीने पाहिली आहेत. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर दत्तकाची वाट मोकळी करून दिली. २००० च्या बाल न्याय कायद्याने आणि त्यातील २००६ च्या दुरुस्तीने ती रुंद केली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. आज २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. त्यानुसार दत्तक मूल सर्व अर्थांनी, वारसाहक्कासह, आपले मूल ठरते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तेव्हा मंडळीतील वडिलांना नम्रपणे सांगा की त्यांनी पाहिलेली भानगड खरी होती, फक्त ती जुनी झाली.

वाट मात्र एकच आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे आपण सगळे "कारा" म्हणतो ते, त्याच्या संकेतस्थळावर नोंदणी, मग समाजसेविकेची गृहभेट आणि अहवाल, मग नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार प्रतीक्षा. रुग्णालयातील ओळखीने, एखाद्या सिस्टरच्या किंवा पाळकांच्या शब्दावर, "एक बाई बाळ द्यायला तयार आहे" असे कोणी सांगितले तर त्या दिशेने एक पाऊलही टाकू नका. आपल्या पत्नी परिचारिका आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिते. या वाटेने गेलेल्या, अगदी सद्भावनेने गेलेल्या दांपत्यांकडून मूल परत घेताना मी समितीत बसले आहे. ते पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

वयाचा हिशेब आधी करा. पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांखालील मूल मिळू शकते, ९० पर्यंत दोन ते चार वर्षांचे, १०० पर्यंत चार ते आठ वर्षांचे आणि ११० पर्यंत आठ वर्षांपुढचे. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर हवे. लहान, निरोगी बाळासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते, कारण वाट पाहणारी कुटुंबे पुष्कळ आणि दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झालेली बाळे थोडी आहेत. मोठ्या मुलांच्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. तिथे मुले थांबलेली असतात. आपल्याला एक मुलगी आधीच आहे, आईपण-बापपण ठाऊक आहे, म्हणून माझे मत विचाराल तर आपण सहा-सात वर्षांच्या मुलाचा विचार करावा. परंतु हे माझे मत आहे, आणि त्यात जोखीम आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली नसेल. वाढदिवसाला ज्या मुलांशी ओळख झाली, त्यांतलेच एक दत्तक घेऊ असे ठरवता येत नाही. ते मूल समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित केलेले असले पाहिजे, आणि बालगृहातील बहुतेक मुले तशी नसतात. ज्यांना घर नाही पण कागदोपत्री नातेवाईक आहेत, अशा मोठ्या मुलांसाठी प्रतिपालकत्व हा मार्ग आहे. त्यात समिती मूल ठरावीक काळासाठी आपल्या घरी ठेवते, नियमित पाहणी होते, आणि मुलाचे नाव, त्याचे नाते त्याचेच राहते. ते मूल पुढे दत्तकासाठी मुक्त झाले तर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाला त्याला दत्तक घेता येते. मन मोठे आणि पकड सैल असणाऱ्या कुटुंबांना हे जमते. ते मूल एके दिवशी आपल्या आजीकडे परत जाऊ शकते आणि तेव्हा रडू आवरून त्याची पिशवी भरून द्यावी लागते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर यंदाच्या नाताळला मुक्काम नको, ओळख वाढवा, दत्तकाची नोंदणी करायची तर आजच करा कारण रांग मोठी आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका.

राहिला आजींचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण आजींचे म्हणणे श्रद्धेतून आले आहे. काराच्या नोंदणीत मुलाचा धर्म किंवा जात निवडण्याची सोय नाही. कचराकुंडीजवळ किंवा मंदिराच्या ओट्यावर सापडलेल्या बाळाचा धर्म कोणाला सांगता येणार? दत्तकाचा आदेश झाल्यावर आपण त्याचे पूर्ण आईवडील असता, आणि आपल्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा निर्णय आपण जसा घेतलात तसाच याचाही घ्याल. काही मंडळ्या बाळाचा बाप्तिस्मा करतात, काही मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत थांबतात. तो आपल्या मंडळीचा प्रश्न आहे. पण मूल मोठे असेल तर घाई नको. पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती दत्तकालाच लागते. मग त्याच्या श्रद्धेला ती लागू नये का?

भेटीला येणाऱ्या किंवा प्रतिपालकत्वातील मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा बाप्तिस्मा करायचा नाही, त्याचे नाव बदलायचे नाही, त्याच्या गळ्यातला ताईत काढायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, घरापासून दुरावलेल्या मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीचे सातत्य जपण्यास सांगितले आहे. हे वाचून काही जणांना वाटते की आपल्या साक्षीवरच गदा आली. मला तसे वाटत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, ती परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, असे सांगितले आहे. ती उचलणाऱ्याने आधी काही कबूल करावे, अशी अट तिथे नाही. शेतकरी तिथे हजरही नसतो.

आपल्या मराठी भूमीत या प्रश्नाचा निखारा जुना आहे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यात आणले. स्वतः ख्रिस्ती असूनही सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे त्यांनी सांगितले होते. त्या मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून मोठे वादळ झाले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला मुक्ती मिशन उभे केले, तेव्हा ते उघडपणे ख्रिस्ती काम होते. मी रमाबाईंना फार मानते. तरीही अधीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर मला रानड्यांचा आक्षेपही समजू लागला. जी मुलगी अन्नासाठी आणि छपरासाठी आपल्यावर अवलंबून आहे, तिच्यासाठी उघडे दारसुद्धा एक प्रकारचे बोलावणे असते. दार लावून घ्यावे असे मी म्हणत नाही. आपण बलवान बाजूला आहोत, एवढे विसरू नये.

मग कौटुंबिक प्रार्थनेचे काय करावे? ती बंद करू नका. ते आपल्या घराचे चालणे आहे, आणि मुलाला घर पाहायचे आहे. त्याला सांगा, आम्ही रात्री जेवणाआधी एक गीत म्हणतो आणि प्रार्थना करतो, तुला बसायचे तर बस, नाहीतर अंथरुणे घालायला घे. आमच्याकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा कधीच डोळे मिटत नसे. दोन वर्षे मला वाटले की हट्टी आहे. पुढे कळले की डोळे मिटलेले असताना त्याला मार बसत असे. त्याच मुलाला प्रभूची प्रार्थना म्हणताना "पित्या" या शब्दाशीच अडखळायला होई, कारण बाप हा शब्द त्याच्याकडे एकाच अर्थाने होता, पट्टा काढणारा माणूस. आपण मंडळीत किती सहज म्हणतो की देव तुझा बाप आहे! त्या वर्षापासून आम्ही लहान मुलांच्या प्रार्थनेत मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र जास्त म्हणू लागलो. बापावर यायला त्याला आणखी तीन-चार वर्षे लागली, आणि तो आला तोही आमच्या शिपाईकाकांमुळे, जे त्याची सायकल दर शनिवारी न बोलता दुरुस्त करून देत.

आपल्या मुलीविषयी एक शब्द. ती आज उदार आहे, कारण अजून तिचे काही वाटले गेलेले नाही. नवे मूल घरात आले की तिची खोली, तिची आजी, मोटारसायकलवरची तिची पुढची जागा वाटली जाईल, आणि ती कुरकुरेल. तेव्हा तिला "तूच तर म्हणाली होतीस" असे ऐकवू नका. गृहअहवालासाठी येणारी समाजसेविका तिच्याशी बोलेल, तिला मोकळेपणी बोलू द्या, पढवू नका.

आणि छायाचित्रे. बालगृहातील मुलांची ओळख पटेल अशी छायाचित्रे प्रसिद्ध करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले छायाचित्र पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. वाढदिवसाची टाकली असतील तर आज काढून टाका.

आता यंदा करायचे ते. डिसेंबरमध्ये तिथे गर्दी असेल, आपण जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जा. दोघांची ओळखपत्रे आणि एक साधा अर्ज बरोबर न्या. अधीक्षकांना विचारा की कोणत्या मुलाला भेटायला कोणीच येत नाही. नाव ते सांगतील, आपण निवडू नका. खाऊ नेला तर सगळ्यांना पुरेल असा साधा न्या, शेंगदाण्याचा लाडू चालतो. पहिल्या भेटीत ते मूल बहुधा बोलणार नाही. आपण त्याचे गणित तपासा, आपली मुलगी त्याच्याबरोबर सागरगोटे खेळेल. निघताना पुढच्या भेटीची तारीख त्याच्याच हाताने त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. ती पाळता येणार नाही असे कळले, तर अधीक्षकांना निरोप देऊन थांबू नका. त्यांच्या परवानगीने त्या मुलालाच फोनवर बोलवा, येता येत नाही असे स्वतः सांगा, आणि जुनी तारीख खोडून नवी लिहायला सांगा.